लेकीचं कथक: वाशीहून झूमवर की एडिसनच्या क्लासात?

माझी मामेबहीण न्यू जर्सीत, एडिसनला असते. लेक सात वर्षांची, कथक शिकायचंय. वाशीच्या आमच्या बाईंकडे ऑनलाइन लावू की तिथल्याच क्लासात घालू, असं विचारत होती.

पैशाच्या बाबतीत वाशी स्वस्त, त्यात वाद नाही. वेळेचं मात्र त्रांगडं. उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक, नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेदहाचा. तिथली सकाळी आठची शिकवणी इथे साडेपाचवरून साडेसहावर जाते, नेमकी बाईंच्या मोठ्या बॅचच्या वेळेत.

खरी गोम आवाजात आहे. झूम घुंगरांना गोंगाट समजून गिळून टाकतं. गोंगाट गाळायचं ते सेटिंग बदललं तरी आवाज उशिरा पोचतोच, मग बाईंच्या पढंतीवर, म्हणजे तोंडाने म्हटलेल्या बोलांवर, लेकीचा तत्कार (पायांचं मूळ काम) समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडला की नाही, कसं कळणार? एडिसनला तिथल्या बाई समोर बसून पाय दुरुस्त करतात. शिवाय गणपतीत मंडळाच्या स्टेजवर चार मैत्रिणींबरोबर नाचायला मिळतं. सातव्या वर्षी तेच तर हवं असतं!

म्हणून पहिली दोन-तीन वर्षं एडिसनच. पाय बसले, गांधर्व महाविद्यालयाच्या नृत्य-परीक्षांची हौस आली किंवा तिथे मनासारखे गुरू नसले, तर वाशी. सुट्टीत इकडे आलात की रोज बाईंकडे धाडा तिला, डबा मी देईन.