कोरियन उत्तर: तुटक की पूर्ण?
कोरियन शिकणाऱ्या मैत्रिणीचा पेच: उत्तर पूर्ण वाक्यात द्यायचं की एका शब्दात?

मेहनत बघितली तर तुटक उत्तर सरळ जिंकतं. "म्वो माशिल्लेयो?", म्हणजे "काय पिणार?", याला "खॉफीयो" ("कॉफी") पुरे. "खॉफीरुल माशिल्लेयो" चूक नाही, पण गप्पांत जड वाटतं. कर्माचा प्रत्यय 'रुल' गळला तरी अर्थ हलत नाही. कर्त्याच्या 'गा'चंही तेच: "कोण आलं?" – "मिन्सुयो", म्हणजे "मिन्सू" (नाव). आपण "कोणी केलं?"च्या उत्तरात 'ने' सोडत नाही, म्हणून आपली जीभ 'गा'ला चिकटून बसते. मला ती सवय मोडायला बराच वेळ लागला.

स्पष्टतेत मात्र गाडी अडते. "कोणाला दिलं?"चं उत्तर "दोंगसॅंगहान्थेयो", म्हणजे "धाकट्या भावंडाला". यातला 'हान्थे', म्हणजे आपला 'ला', गाळला की ऐकणारा घोटाळू शकतो. आपणही "भावाला" म्हणतो, नुसतं "भाऊ" नाही.

आदराचं सगळं ओझं शेवटच्या 'यो'वर. वडीलधाऱ्यांसमोर तो गळला की उत्तर उद्धट ठरतं.

कॅफे, दुकान, रोजच्या गप्पा यांसाठी तुटक उत्तर घ्या, 'यो'सकट. नोकरीची मुलाखत किंवा परीक्षेतलं लेखन असेल तर प्रत्ययांसह पूर्ण वाक्यच.