फोर्कलिफ्टच्या जिबमध्ये वाळू भरून विकतात, घेताना बघून घ्या

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर या पट्ट्यात ज्यांचं वर्कशॉप आहे आणि फोर्कलिफ्टला लावायला जिब (फोर्कवर चढवायचा, टोकाला हुक असलेला उचलायचा दांडा) नाहीतर ट्रॉली हलवायचं अटॅचमेंट बनवून घ्यायचा विचार आहे त्यांच्यासाठी लिहितोय. फॅब्रिकेटरचं नाव घेत नाही, पैशाचं भांडण अजून मिटलेलं नाही.

आमचा फोर्कलिफ्ट ३ टनी. मला पाहिजे होतं काय तर फोर्कवर चढणारे दोन स्लीव्ह (पोकळ खोळी), त्यावर पुढं गेलेला चौकोनी बॉक्स पाइपचा बूम म्हणजे दांडा, टोकाला हुक, आणि खाली पिन लावून ट्रॅक्टरची रिकामी ट्रॉली शेडमध्ये ढकलता येईल असा क्लेव्हिस (पिन घालायचा यू आकाराचा कान). कंपनीचं अटॅचमेंट महाग पडतं म्हणून सगळे हे इथंच बनवून घेतात आणि चांगली बनवणारी माणसंही आहेत कोल्हापुरात, त्यात वाद नाही. ठरलं काय, तर बूमला १०० बाय १०० एमएमचा, ८ एमएम जाडीचा बॉक्स, वजनावर रेट, मजुरी धरून किलोला १३० रुपये. माल न्यायला गेलो तर फॅब्रिकेटर गडी स्वतःच म्हणतोय, "ओ मालक, काटा करून घ्या की, मनात शंका नको." काटा केला. वजन बरोबर! ८ एमएम बॉक्स मीटरला साधारण २२-२३ किलो भरतो, त्या हिशोबात चोख बसलं. वर "३ टन टेस्टेड" असं पेंट केलेलं, सोबत सर्टिफिकेटचा एक कागद, आणि पक्कं बिल म्हणे सीए गावाला गेलाय, चार दिवसांत पाठवतो.

पहिल्यांदा हलकी कामं केली, काही नाही झालं. मग एक जुना मशीनचा बेड उचलायला घेतला, सहाशे किलोच्या आसपास, जमिनीपासून वीतभर वर गेला असेल नसेल तोवर बूम बुडात वाकला आणि वेल्ड उसवला, आणि त्या फटीतनं भुरुभुरु काळी वाळू खाली पडायला लागली. आमच्यातला एक पोरगा पूर्वी फाउंड्रीत मोल्डिंगला होता, त्यानं चिमटीत घेऊन चोळली, वास घेतला आणि हसायलाच लागला. कोळसा पावडर आणि बेंटोनाइटची वापरलेली वाळू! फाउंड्रीवाले जी कुठं टाकायची म्हणून वैतागलेत ती आम्ही १३० रुपये किलोनं घेतली. बेड खाली लाकडी ठोकळ्यांवर बसला, माणसं लांब होती, म्हणून निभावलं.

कापून बघितलं तर बॉक्स ३ एमएमचा. म्हणजे मीटरला ९ किलो लोखंड आणि वर १४ किलो वाळू, बेरीज बरोबर ८ एमएमएवढी. दोन्ही तोंडं प्लेट लावून बंद आणि सांध्यात वेल्डच्या जागी सळीचे तुकडे घालून वरनं वेल्डचा एक पातळ थर, त्यावर पुट्टी, त्यावर पिवळा रंग. काय डोकं लावलंय बघा.

तेव्हा काट्यावर विसंबू नका. बॉक्सची तोंडं बंद करायच्या आधी जाऊन व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) लावा, नाहीतर कॅप न लावताच द्या म्हणून सांगा. तयार मिळत असेल तर हातोडीनं वाजवा, पोकळ बॉक्स खणखणतो, भरलेला धप्प वाजतो. वेल्डवर चुंबक फिरवा, पुट्टी जाड असली की पकड ढिली लागते. आणि स्लीव्ह नुसत्या एका बोल्टवर दाबून देत असतील तर घेऊ नका, फोर्कच्या टाचेमागं आडवी पिन नाहीतर कॅरेजला (फोर्क ज्यावर बसतात तो सांगाडा) साखळी पाहिजेच, ट्रॉली मागं ओढताना स्लीव्ह निसटून येतो.

ते "३ टन" पण बघा. फोर्कलिफ्टची ३ टन कपॅसिटी सहसा वजनाचा मध्य फोर्कच्या पाठीपासून ५०० एमएमवर आहे असं धरून दिलेली असते. हुक १.८ मीटरवर गेला की तोच फोर्कलिफ्ट सव्वा टनाच्या आसपास येतो आणि त्यातनं अटॅचमेंटचं वजन परत वजा. बॉक्स खरा ८ एमएम असता तरी त्या टोकाला ३ टन झेपले नसते. कागदावर किती अंतराला किती वजन हे नसेल तर तो कागद वडा बांधायच्या लायकीचा. कारखाने अधिनियम १९४८ (२०२५ पर्यंत लागू) च्या कलम २९ खाली असला लिफ्टिंगचा माल सक्षम व्यक्तीकडनं वर्षातनं एकदा तरी तपासून घ्यावा लागायचा. आमच्या सर्टिफिकेटवर ना अटॅचमेंटचा नंबर, ना तपासणाऱ्याचं नाव, नुसता गोल शिक्का.

फॅब्रिकेटरला फोन केला तर "ओव्हरलोड केलासा तुम्ही." वाळूचं विचारलं तर म्हणतो, बूम थरथरू नये म्हणून भरतो आम्ही, टेक्निक आहे ती. पक्कं बिल अजून आलेलं नाही. वकिलांनी सांगितलं, धंद्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक कोर्टात बऱ्याचदा अडचण येते, पण कापलेला बॉक्स, वाळू आणि काटा पावती जपून ठेवा, नोटीस काढू. नोटीस गेलीय. कुणी त्याच पट्ट्यातनं पिवळा जिब घेतला असेल तर आज आधी हातोडी मारून बघा, आणि धप्प वाजला तर मला कळवा, दोघा-तिघांनी मिळून तक्रार दिली तर वजन पडेल.