गावठी कोंबडी की ब्रॉयलर?

ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोची होते, रोज मिळते, स्वस्तही पडते. मजुरीवरून थकून आलेल्या घराला ती सोयीची, हे मान्यच. पण तिचं खाद्य काय? मका आणि आपल्याच वावरातलं सोयाबीन, पेंड होऊन पोत्यातून परत आलेलं.

गावठीला वजन धरायला पाच-सहा महिने लागतात. ती उकिरडा उकरते, उधई टिपते, खळ्यात सांडलेली ज्वारी वेचते; खुराड्यातलं खत पुन्हा वावरात जातं. मानमोडी, म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग, आली तर मात्र दोन दिवसांत खुराडं रिकामं होतं, म्हणून लस चुकवू नका.

चुलीवर तासभर शिजलेला रस्सा, वर पिवळा तवंग, सोबत ज्वारीची भाकर. माझा कौल गावठीलाच. दर आठवड्याला नको. पाहुणे आले की, पण आपल्या अंगणातली.