तीन फुटी पिंजरा, बजीची जोडी आणि तो ट्रे: आठ-नऊ महिन्यांनंतर

बजी म्हणजे बजरिगर, छोटे पोपट; त्यांचा हा पिंजरा चांगलाय, खालचा घाण झेलायचा ट्रे भिकारय. ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचून पुढे गेलं तरी चालेल, बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितो कारण गेल्या आठवड्यात त्या ट्रेची एका बाजूची पट्टी वेल्डिंगमधून सुटली आणि दुकानदाराशी जे बोलणं झालं त्याने डोकं फिरलंय.

साइज ३६ बाय १८ बाय १८ इंच, अर्ध्या इंचाची जाळी, पावडर कोटिंग, मधे सरकवायचं पार्टिशन, पुढे दोन दारं. पाडव्याच्या सुमारास घेतला, शहरातल्या एका दुकानातून, नाव लिहीत नाही. ४२०० रुपये. एक रुपया कमी केला नाही, पक्ष्यांना पिशवीभर राळा फुकट द्या म्हटलं तर हसला.

तर ट्रे. तीन फूट लांबीचा एकच अखंड ट्रे, पत्रा इतका पातळ की मधे पोट सुटल्यासारखा खाली येतो. मग ओढताना अडकतो, झटका दिला की सगळी फोलपटं हवेत. काठ जेमतेम इंचभर. बजी म्हणजे जेवढं खातात त्याच्या दुप्पट सोलून उडवतात, आणि पंख फडफडवले की ते सगळं बाहेर. आमची बाल्कनी तिसऱ्या मजल्यावर, खालच्या काकूंच्या गच्चीवर एप्रिलमध्ये कुरडया वाळत होत्या. पुढचं सांगायला नको. काकू वर आल्या, शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या पक्ष्यांनी राळा पाठवलाय, कुरडया गव्हाच्याच होत्या हो आमच्या." एवढ्या ४२०० च्या वस्तूत काठ दोन इंच केला असता तर कंपनीचं काय गेलं असतं, जास्तीत जास्त चाळीस-पन्नास रुपयांचा पत्रा!

पट्टी सुटल्यावर दुकानात गेलो तर म्हणे ट्रेला वॉरंटी नसते. मग कशाला असते? "पिंजऱ्याला." ट्रे पिंजऱ्याचाच ना? "तो अ‍ॅक्सेसरीमध्ये येतो साहेब." बरं मग वेगळा ट्रे विकत द्या. "वेगळा मिळत नाही." म्हणजे वॉरंटीच्या वेळी वेगळा आणि विकायच्या वेळी एकत्र. मी बिल दाखवलं, त्यावर ट्रे असा शब्दच नाही, फक्त पिंजरा १ नग. तेही दाखवलं. शेवटी त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड वळवलं.

आता पिंजऱ्याबद्दल, कारण तो खरंच चांगला आहे आणि लोक घेताना नको तिथे अडकतात. दुकानात सगळ्यात पुढे मांडलेले असतात ते घुमटवाले उंच पिंजरे, दिसायला बंगला, आत पाय ठेवायला जागा नाही. बजी हेलिकॉप्टरसारखा वर जात नाही, तो आडवा उडतो. १८ बाय १८ आणि उंची ३० घ्या किंवा लांबी ३० आणि उंची १८ घ्या, आतली जागा तेवढीच, पण पहिल्यात पक्ष्याला उडायला दीडच फूट. पंख पसरले की जवळपास फूटभर होतात, मग दीड फुटात तो उडणार काय, एका दांडीवरून दुसरीवर उडी मारणार आणि दिवसभर बसून जाड होणार. "सगळे दीड बाय दीडमध्येच ठेवतात" हे दुकानदाराचं वाक्य खरंय, ठेवतात. एका जोडीला अडीच फूट लांबी मी कमीत कमी धरीन. आमच्या आई मात्र पहिल्या दिवशी म्हणाल्या, "त्यांना तीन फूट आणि मला पूजेला कोपरा." त्याला उत्तर नाही. दुसरी शंका पोपट पाळला तर पोलीस येतात ना ही. ती राघूची गोष्ट, आपले देशी पोपट १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतात, ते घरी ठेवता येत नाहीत. बजी मूळचे ऑस्ट्रेलियाचे, ते चालतात.

लांबीचा फायदा हवा असेल तर आत गर्दी करू नका. दोन टोकांना दोन दांड्या, मधे मोकळं. सोबत आलेल्या प्लॅस्टिकच्या गुळगुळीत दांड्या मी काढून टाकल्या, पेरूच्या फांद्या लावल्या, कुठे जाड कुठे बारीक, त्याने पायाची पकड बदलत राहते, नाहीतर तळव्याला फोड येतात. वाट्या दांडीच्या खाली नकोत, एवढं तरी दुकानदाराने सांगायला हवं होतं. झोका लावला होता, मादीने त्याच्याकडे बघितलंही नाही, आमच्या मुलीनेच तो हलवत बसायची ड्युटी घेतली.

जाळी अर्ध्या इंचापेक्षा मोठी घेऊ नका, डोकं अडकतं. आणि जे लोक पैसे वाचवायला पुण्यातल्या बोहरी आळीतून वेल्डेड जाळी आणून घरी पिंजरा करतात, (मी पण करणार होतो, हिशोब मांडला तर निम्म्यात होत होता), त्यांनी नवी गॅल्व्हनाइज्ड जाळी आधी व्हिनेगरने ब्रशने घासून धुवावी. वरचा जस्ताचा थर पक्षी चोचीने खरवडतात आणि जस्त त्यांना विषारी. पावडर कोटिंगचा सोस मला म्हणूनच पटला, फक्त कोटिंग निघालं की लक्ष ठेवा. आमच्याकडे दाराच्या कोपऱ्यात किंचित निघालंय.

बाल्कनीत ठेवला पण भिंतीला टेकून, दोन बाजू झाकलेल्या, पारव्यांची जाळी आधीपासून होतीच. मे महिन्यात दुपारी ओलं गोणपाट टाकायचो. थंडीत रात्री आत हॉलमध्ये. किचनजवळ अजिबात नाही, नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या धुराने पक्षी मरतात, हे माहीत नसलेले लोक अजून आहेत.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, टाकायचं राहिलं. तेवढ्यात बऱ्याच गोष्टी बदलल्या म्हणून पुढे लिहितो.

पार्टिशनला मी पैसे वाया म्हणत होतो. तीन फुटाचे दोन भाग केले की प्रत्येकी दीड फूट, म्हणजे ज्याला वर शिव्या दिल्या तेच. पण पावसाळा संपल्यावर मादीचं नाक गडद तपकिरी झालं, नराचं निळं चकचकीत, तो दिवसभर तिला भरवायला लागला, दोघंही वर्षाच्या वरचे होते म्हणून अंडी घालायचा बॉक्स लावला. बॉक्स आत न लावता दुसऱ्या दाराला बाहेरून लावला, दार वर करून तारेने बांधलं आणि भोक तिथे जुळवलं. आतली लांबी एक इंचही गेली नाही. हे या पिंजऱ्यात दोन दारं असल्यामुळे जमलं, एका दाराचा घेऊ नका. लोक मडकं टांगतात, स्वस्त पडतं, पण आत काय चाललंय ते दिसत नाही आणि साफ करायला हात जात नाही. लाकडी बॉक्स घ्या, तळाला खळगा असलेला. सपाट तळावर पिल्लांचे पाय फाकतात आणि मग ते आयुष्यभर तसेच.

पाच अंडी, एक दिवसाआड एक. साधारण १८ दिवसांनी पहिलं फुटलं. पिल्लंही एक दिवसाआड फुटतात त्यामुळे थोरलं भरलेलं असतं तेव्हा धाकटं अजून गुलाबी. एक अंडं फुटलंच नाही. या काळात समुद्रफेस (माकुळाचं हाड) कायम लावलेला असू दे, शेवग्याचा पाला, कोथिंबीर, उकडलेलं अंडं थोडंसं. अंडं देणाऱ्या मादीला कॅल्शियम कमी पडलं की अंडं अडकतं आणि मग डॉक्टर शोधत पळावं लागतं.

पाच आठवड्यांची होऊन पिल्लं बाहेर आली आणि पिंजऱ्याचा खरा उपयोग तेव्हा कळला. चार पिल्लं, आई-बाप, सहा पक्षी. आईला पुन्हा अंडी घालायची घाई, ती पिल्लांना टोचायला लागली. पिल्लं स्वतः दाणे सोलायला लागली तशी पार्टिशन सरकवून त्यांना पलीकडे टाकलं, थोडे दिवस, मग वेगळ्या पिंजऱ्यात. पार्टिशन नसतं तर त्या दिवशी रात्री धावपळ करून दुसरा पिंजरा आणावा लागला असता. म्हणून माझं मत बदललं, पार्टिशन हवंच, पण कायम लावून दोन जोड्या ठेवायला नाही. आणि मोकळ्या पिंजऱ्यात एका बॉक्सवर दोन माद्या तर कधीच नको, मारामारी पिल्लांच्या जिवावर बेतते. दुसऱ्या खेपेआधीच बॉक्स काढून टाकला, बॉक्स नाही तर सहसा अंडी नाहीत, तिला विश्रांती.

ट्रेचं काय झालं? दुकानदाराने फोन केला, म्हणाला पट्टी परत वेल्ड करून देतो, चार्ज लागेल. नको म्हटलं. एका पत्र्याच्या कारागिराकडे गेलो, एकाऐवजी दोन अर्धे ट्रे करून घेतले, जाड पत्रा, काठ अडीच इंच. खालची फट तेवढी नव्हती म्हणून पाय दोन इंच उचलून घ्यावे लागले, सगळे मिळून ७०० गेले. आता ट्रे एका बोटाने बाहेर येतो, रविवारची पुरवणी उघडून टाकली की बरोबर बसते. पण ४२०० देऊन वर ७०० हे मी विसरणार नाही, कंपनीने दोन ट्रेचा पिंजरा काढेपर्यंत माझे पाचातले तीनच स्टार.

तीन पिल्लं द्यायची आहेत, एक मुलीने ठेवलंय. कपाळावर अजून पट्टे आहेत म्हणजे लहान आहेत. पैसे नकोत, पण पिंजरा अडीच फुटाच्या खाली असेल तर देणार नाही. परवा एक जण स्कूटरवर घुमटवाला पिंजराच घेऊन आला, म्हणाला काका, उंच आहे की. चहा पाजला, पुण्यात राहून, आणि रिकामाच परत पाठवला.