'द फॉल्ट इन अवर स्टार्स': उघड्यावर पेरलेला शेवट

जॉन ग्रीन यांची 2012 साली प्रसिद्ध झालेली ही किशोरवयीनांसाठीची कादंबरी बहुतेकांना तिच्या शेवटामुळे आठवते. मला मात्र त्या शेवटाची पूर्वसूचना लेखकाने किती आधीपासून आणि किती उघडपणे दिली आहे, हे अधिक मोलाचे वाटते. त्याविषयी लिहिताना कथानकाचा उलगडा टाळता येत नाही, म्हणून ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांनी आधी ते वाचावे.

इंडियानापोलिसमध्ये राहणाऱ्या 16 वर्षांच्या हेझलचा थायरॉईडचा कर्करोग फुफ्फुसांत पसरलेला आहे आणि ऑक्सिजनचे सिलिंडर तिच्या कायम सोबतीला असते; तिचा प्रियकर ऑगस्टस याचा एक पाय हाडाच्या कर्करोगाने गेला असला, तरी तो आजारातून बाहेर पडलेला आहे. एवढे कळताच, या दोघांपैकी जाणार ती हेझलच, असे वाचक मनाशी ठरवून टाकतो आणि ग्रीन त्याची ही समजूत जपतात. हेझलची आवडती कादंबरी वाक्याच्या मध्येच संपते, कारण तिची आजारी निवेदिका पुढे लिहायला उरलेली नसते. साहजिकच हेझलचे निवेदनही असेच तुटेल, अशी धास्ती वाटू लागते. आपण फुटलो तर जवळच्या माणसांना इजा होईल, या भीतीने ती स्वतःला हातबॉम्ब म्हणवते आणि पुढे खरोखरच अतिदक्षता विभागात पोहोचते.

प्रत्यक्षात मरतो तो ऑगस्टस, आणि त्याच्याविषयीच्या खुणा याच काळात, पण हसतखेळत येतात. त्यांतली सर्वांत सुंदर खूण व्हिडिओ गेमच्या प्रसंगात आहे. हेझलने स्वतःला हातबॉम्ब म्हणण्याच्या आधीच तो खेळातल्या मुलांना वाचवण्यासाठी हातबॉम्बवर झेप घेतो, आणि असे वाचवणे तात्पुरतेच असते हे हेझलने दाखवून दिल्यावर, त्यांना एक मिनिट तरी मिळाले, असे म्हणतो. पहिल्या वाचनात हा केवळ त्याचा नाटकी स्वभाव वाटतो. हेझलच्या आवडत्या कादंबरीचा लेखक व्हॅन हाउटेन याला भेटायला दोघे ॲमस्टरडॅमला निघतात, त्या दिवशी ऑगस्टसच्या घरातून रडण्याचा आवाज येतो, आपले आयुष्य आपले आहे असे तो आईला ओरडून सांगत असतो, आणि तरीही आपण ते वाक्य मागे टाकून प्रवासाला लागतो. हेझल अतिदक्षता विभागात जाण्याच्या सुमारासच त्याचे कंबरेचे हाड दुखू लागले होते, हे ॲमस्टरडॅममध्ये कळते, तेव्हा मागची पाने उलटून पाहावीशी वाटतात.

हे साधते त्याचे कारण या दोघांच्या नात्यातच आहे. आपल्यामुळे त्याला दुःख होऊ नये, या काळजीत हेझल इतकी गुंतलेली असते की त्याचे दुखणे तिच्या नजरेतून निसटते; आणि आपण सारे तिच्याच डोळ्यांनी पाहत असल्यामुळे ते आपल्याही नजरेतून निसटते. लेखकाने इथे वाचकापासून काहीही लपवलेले नाही, आणि म्हणूनच तो धक्का मला फसवणुकीसारखा वाटला नाही.

सगळीकडे मात्र हा तोल राहिलेला नाही. ऑगस्टसच्या आधीच्या मैत्रिणीचा मृत्यू हेझलच्या भवितव्याकडे फार ठळकपणे बोट दाखवतो, आणि तोंडात धरलेल्या, न पेटवलेल्या सिगारेटचा अर्थ ऑगस्टसने स्वतःच सांगितल्यामुळे ते रूपक सुरुवातीला कृत्रिम वाटते, जरी पेट्रोल पंपावरच्या प्रसंगात त्याची भरपाई होते. व्हॅन हाउटेन ऑगस्टसच्या अंत्यविधीला येऊन उभा राहतो, तो प्रसंग मात्र मला पटला नाही. इतरत्र एवढ्या काळजीने केलेली पेरणी त्याच्या बाबतीत अपुरी पडली आहे.