कोड कोणी तपासावा: एआयने की सहकाऱ्याने?

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या छोट्या ऑफिसांत हा वाद हमखास रंगतो.

एआयचा वेग निर्विवाद. एसक्यूएल क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत, युजरने टाइप केलेला मजकूर थेट जोडलेला दिसला, की ते बहुतेक वेळा लगेच पकडतं आणि पॅरामीटर वापरून, म्हणजे तो मजकूर आज्ञेपासून वेगळा ठेवून, क्वेरी नव्याने लिहूनही देतं. पण कधीकधी अस्तित्वातच नसलेलं पॅकेज (इतरांनी लिहिलेला तयार कोड) सुचवतं. त्याच नावाने कोणी घातक पॅकेज टाकून ठेवलं असेल तर संपलंच!

सहकारी हळू वाचतो, त्याच्या मागे लागावं लागतं. पण द्राक्ष बागायतदारांच्या पोर्टलवर लिंकमधला बिल क्रमांक १०४ चा १०५ केला तर दुसऱ्याच शेतकऱ्याचं बिल उघडतं का, हे तो आधी करून बघतो. कोणाला काय दिसायला हवं, हे त्याला व्यवहारातून ठाऊक असतं. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या २०२१ च्या धोक्यांच्या यादीत हाच दोष, ब्रोकन अ‍ॅक्सेस कंट्रोल, पहिला होता, तर इंजेक्शन, ज्यात वरचा एसक्यूएलचा दोष येतो, तिसरं.

लॉगिन, पेमेंट आणि परवानग्यांचा कोड माणसाने वाचल्याशिवाय सर्व्हरवर जाऊच नये, असं माझं ठाम मत आहे. बाकीचा एआयला खुशाल द्या, फक्त त्यातले पासवर्ड आणि एपीआय की (दुसऱ्या सेवा वापरायच्या गुप्त किल्ल्या) आधी काढून.