आमच्या सोसायटीच्या ऑडिटर मॅडम: फी जास्त, काम चोख

मी डोंबिवलीतल्या एका गृहनिर्माण सोसायटीची खजिनदार. गेल्या वर्षी सर्वसाधारण सभेत आम्ही ऑडिटर बदलला आणि शासनाच्या पॅनेलवरच्या एका सीए मॅडमना नेमलं. त्यांचं नाव इथे देत नाही, पण काम कसं केलं ते मुद्दाम सांगते. सोसायटीचं ऑडिट म्हणजे सही-शिक्का, असं बहुतेक कमिट्या धरून चालतात, आणि तसं करून देणारेही भेटतात.

आधीचे ऑडिटर आमचे हिशोब लिहायचे आणि तेच तपासायचे. दरवर्षी ऑडिटचा 'अ' वर्ग, म्हणजे सगळ्यात वरचा. सेक्रेटरींनी नव्या मॅडमनाही विचारलं, "हिशोबाचं कामही तुमच्याच ऑफिसला देऊ का?" त्या म्हणाल्या, "मीच लिहिलेलं मीच कसं तपासू? अकाउंटंट वेगळा बघा." हातात येणारं काम त्यांनी सरळ सोडलं. त्यांच्यावर माझा विश्वास बसला तो इथेच.

तपासणीला त्या स्वतः आल्या, सोबत आर्टिकलची, म्हणजे सीएचं प्रशिक्षण घेणारी, एक मुलगी. एफडीच्या झेरॉक्स बाजूला सारून म्हणाल्या, "मूळ पावत्या काढा." एकेक पावती हातात घेऊन नाव, रक्कम, मुदत, व्याज कुठल्या खात्यात जातं, सगळं ताळेबंदाशी ताडून पाहिलं. वर बँकेकडून शिल्लक रकमेचं पत्र थेट स्वतःच्या ऑफिसात मागवलं, आमच्या हातून नाही. काही सभासदांना ही कटकट वाटली. पण जानेवारी २००९ मध्ये सत्यम या आयटी कंपनीच्या रामलिंग राजूंनी घोटाळ्याची कबुली दिली, तेव्हा ताळेबंदात दाखवलेली ५,०४० कोटींची रोख आणि बँक शिल्लक खोटी निघाली होती. सोसायटी लहान असली तरी पैसे सभासदांच्या घामाचेच आहेत.

या ताडून पाहण्यातच सिंकिंग फंडाचं, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी राखून ठेवलेल्या पैशांचं, प्रकरण निघालं. त्या एफडीचं व्याज काही वर्षं बचत खात्यात जमा होत होतं आणि लिफ्टच्या दुरुस्तीत खर्च होत होतं. कुणी खिशात घातलं नव्हतं, बिलं होती. पण फंडाचं व्याज फंडातच राहायला हवं, आणि सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय त्याला हात लावता येत नाही. अध्यक्ष काका म्हणाले, "मॅडम, तोंडी सांगा, आम्ही दुरुस्त करतो. अहवालात कशाला?" मॅडमनी शेरा लिहिलाच आणि वर्ग 'ब' दिला.

सभेत यावरून बराच आवाज चढला. मॅडम स्वतः हजर होत्या. अपहार आढळला असता तर सहकारी संस्था कायद्याच्या कलम ८१ प्रमाणे सहकार खात्याच्या निबंधकांना विशेष अहवाल द्यावा लागला असता आणि त्यांच्या परवानगीने पोलिसांत गुन्हाही दाखल करावा लागला असता, हे त्यांनी समजावून सांगितलं. इथे तसं काही नाही, दोष आहे, तो दुरुस्त करा, एवढंच म्हणाल्या. कमिटीला चोर ठरवलं नाही आणि पाठीशीही घातलं नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

तक्रारी आहेत. फी आधीच्या जवळपास दुप्पट. अहवाल इंग्रजीत आला, ज्येष्ठ सभासदांसाठी मराठी गोषवारा मलाच करावा लागला. जुलैत फोन उचलत नाहीत. ३१ जुलैपर्यंत ऑडिट पूर्ण व्हायला हवं, त्यामुळे त्यांची धावपळ समजते, पण उलट फोन तरी यावा.

तुम्ही ऑडिटर नेमणार असाल तर हातात सोसायट्या किती, हे आधी विचारा. एक लाखापेक्षा कमी भरणा भागभांडवलाच्या (सभासदांनी शेअर्सपोटी भरलेल्या रकमेच्या) संस्था सोडून वर्षाला वीसच घेता येतात. ऑडिटर सीए असेल तर अहवालावरचा यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा १८ अंकी-अक्षरी ओळख क्रमांक, आयसीएआय या सीएंच्या संस्थेच्या पोर्टलवर टाकून बघा, सही खरी की नाही ते तिथेच कळतं. आणि कागदपत्रं मे महिन्यातच द्या.

व्याजाची रक्कम आम्ही फंडात परत वळती केली आणि दोष दुरुस्ती अहवाल 'ओ' या ठरलेल्या सरकारी नमुन्यात दिला. तो भरून द्यायलाही मॅडमनी नकार दिला, ते कमिटीचं काम. रकाने मात्र शेजारी बसून नीट समजावले. यंदाच्या सभेत त्यांच्याच नावाचा ठराव मी मांडणार आहे.